डोळ्यांवर सोपवलेले आकाश

विमानात खिडकीशी बसलेल्या प्रवाशाची बहुधा अशी समजूत असते की, खाली कुठेतरी रडारच्या पडद्यासमोर बसलेला माणूस आपल्या विमानाला आकाशातल्या प्रत्येक दुसऱ्या विमानापासून दूर ठेवतो आहे. दोन प्रवासी विमानांपुरती ही समजूत बहुतांशी बरोबर आहे. पण आकाशात प्रवासी विमानांखेरीज चार आसनांची सेसना असते, हेलिकॉप्टर असते, ग्लायडर असते. त्यांच्यापासून अंतर राखण्याचे काम आकाशाच्या फार मोठ्या भागात कायद्याने कंट्रोलरकडे दिलेलेच नाही. हवामान स्वच्छ असेल तर ते काम दोन्ही वैमानिकांच्या डोळ्यांचे. हा नियम कसा चालतो, तो कुठे तोकडा पडला आणि प्रत्येक वेळी त्याला काय जोडावे लागले, हे समजून घ्यायला अमेरिकेचे आकाश सर्वांत सोयीचे. लहान-मोठी विमाने एकाच आकाशात इतक्या मोकळेपणाने दुसरीकडे क्वचितच उडतात, आणि तिथल्या अपघातांचे तपास-अहवाल कोणालाही वाचता येतात.

आधी दोन नियमसंच पाहू. वैमानिक त्यांना ‘व्हीएफआर’ आणि ‘आयएफआर’ म्हणतात. व्हीएफआर म्हणजे दृष्टीच्या आधारे उडण्याचे नियम. ढगांपासून ठरलेले अंतर ठेवायचे, समोर ठरलेल्या अंतरापर्यंत दिसत असले पाहिजे, आणि बाकी विमाने स्वतः पाहून चुकवायची. या नियमांखाली अमेरिकेत अनेक ठिकाणी उड्डाणाचा आराखडा द्यावा लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही, रेडिओवर कोणाशी बोलावेही लागत नाही. आयएफआर म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याचे नियम. इथे आराखडा आधी द्यायचा, मार्ग आणि उंची कंट्रोलर देणार, त्याच्या मंजुरीशिवाय काही बदलायचे नाही. त्या बदल्यात ढगात शिरता येते, कारण ढगात दुसरे आयएफआर विमान आपल्या वाटेत येणार नाही याची हमी कंट्रोलरने घेतलेली असते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. ही नावे नियमांची आहेत, हवामानाची नव्हेत. निरभ्र दुपारी उडणारे जेट विमानही आयएफआरच असते. आणि निरभ्र दुपारी त्या जेटच्या वैमानिकांवर बाहेर पाहण्याचे बंधन सेसनाच्या वैमानिकाइतकेच असते. आयएफआर मंजुरी हातात आहे म्हणून मान खाली घालून उपकरणे पाहत बसण्याची मुभा कुठल्याच नियमाने दिलेली नाही. अपघातांचे अहवाल वाचताना सर्वांत जास्त विसरलेली गोष्ट हीच आढळते.

आता डोळ्याची कुवत तपासू. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, म्हणजे एफएएच्या, मार्गदर्शक पत्रकात एक हिशेब दिला आहे. वस्तू दिसणे, ती विमान आहे हे ओळखणे, ती आपल्यावर येते आहे हे उमगणे, कुठे वळायचे ते ठरवणे, हात हलणे आणि मग विमानाने प्रत्यक्ष वळणे, या सगळ्याला मिळून १२.५ सेकंद लागतात. यातली पाच सेकंदे फक्त ‘हे आपल्यावर येते आहे’ हे उमगण्यात जातात.

समजा, २५० नॉट वेगाने उतरत असलेले जेट आणि ११० नॉटने जाणारी सेसना समोरासमोर येत आहेत. दोघांमधले अंतर दर सेकंदाला सुमारे १८५ मीटरने कमी होते. साडेबारा सेकंदांत ते २.३ किलोमीटरने घटते. याचा अर्थ, सेसना त्याहून दूर असतानाच दिसली पाहिजे. त्या अंतरावर तिचे ११ मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीचे दिसतात, आणि तेही एका बारीक रेघेसारखे. मागे डोंगर किंवा वस्ती असेल तर ती रेघ त्यात विरून जाते.

याहून वाईट गोष्ट भूमितीची आहे. दोन विमाने सरळ रेषेत, स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे जात असतील तर प्रत्येकाला दुसरे विमान काचेवर एकाच जागी दिसते. ते सरकत नाही. माणसाचा डोळा हालचाल टिपण्यात तरबेज आणि स्थिर ठिपका ओळखण्यात कच्चा. त्यामुळे जे विमान काचेवर सरकताना चटकन दिसते ते बहुतेक वेळा धोक्याचे नसते, आणि जे धडकणार असते ते जागचे हलत नाही. तो ठिपका बराच वेळ लहानच राहतो आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम मोठा होतो. वैमानिकांना म्हणूनच शिकवतात की, आकाशावरून नजर सरसकट फिरवू नका, एकेका तुकड्यावर थांबवून पाहा.

डोळ्याची ही मर्यादा सांभाळण्यासाठी नियमांनी पहिला उपाय उंचीत शोधला. पूर्वेच्या अर्ध्या दिशेने जाणाऱ्या आयएफआर विमानाने विषम हजारांवर उडायचे: पाच हजार, सात हजार, नऊ हजार फूट. पश्चिमेकडे जाणाऱ्याने सम हजारांवर. व्हीएफआर विमानाने त्याच आकड्यात पाचशे मिळवायचे: पूर्वेला साडेपाच हजार, पश्चिमेला साडेचार हजार किंवा साडेसहा हजार. सगळ्यांनी हा नियम पाळला तर व्हीएफआर आणि आयएफआर यांच्यात कोणी काही न बोलता पाचशे फुटांची फट राहते. ती सरळ, सपाट उड्डाणातच उपयोगाची. चढताना आणि उतरताना प्रत्येकाला दुसऱ्याची उंची ओलांडावीच लागते. शिवाय जमिनीपासून तीन हजार फुटांपर्यंत हा नियम लागूच होत नाही, आणि विमानतळाभोवतीची सगळी दाटी त्याच थरात असते.

दुसरा उपाय ढगांपासूनच्या अंतराचा. अमेरिकेत दहा हजार फुटांखालच्या सर्वसाधारण नियंत्रित आकाशात व्हीएफआर वैमानिकाला तीन मैलांपर्यंत दिसले पाहिजे, आणि त्याने ढगाच्या खाली ५०० फूट, वर १,००० फूट, बाजूला २,००० फूट राहिले पाहिजे. शिकाऊ वैमानिक हे आकडे परीक्षेसाठी पाठ करतात. पण आकड्यांमागचे कारण ढगाच्या आत आहे. त्या ढगातून कोणत्याही क्षणी एखादे आयएफआर विमान बाहेर पडू शकते, आणि बाहेर पडेपर्यंत त्याच्या वैमानिकाला काहीही दिसत नसते. २,००० फूट म्हणजे ६१० मीटर. अडीचशे नॉटने बाहेर पडणारे जेट ते अंतर पाच सेकंदांत कापते. म्हणजे हे अंतर वर सांगितलेल्या साडेबारा सेकंदांना पुरत नाही. दोघे नेमके एकमेकांच्या रोखाने नसतील, या शक्यतेवर ते उभे आहे. दहा हजार फुटांच्या वर २५० नॉटची वेगमर्यादा नसते, म्हणून तिथे पाच मैल दिसावे लागते आणि ढगापासून बाजूचे अंतर एक मैल होते. वेग वाढला की अंतर वाढते. डोळ्याला वेळ मिळवून द्यायचा तर दुसरा मार्ग नाही.

हे डोळ्यांवरचे अवलंबन एकेकाळी प्रवासी विमानांनाही होते. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघालेली टीडब्ल्यूए आणि युनायटेड कंपन्यांची दोन विमाने ग्रँड कॅन्यनवर २१,००० फुटांवर धडकली आणि दोन्हींतले मिळून १२८ जण गेले. आखीव हवाई मार्गांबाहेरच्या त्या आकाशात कंट्रोलरने दोघांना वेगळे ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती. या धक्क्यानंतर १९५८ चा कायदा झाला आणि एफएए जन्माला आली. आज १८,००० फुटांच्या वर ६०,००० फुटांपर्यंत सगळ्यांनी आयएफआरच उडायचे, असा नियम आहे. वरच्या आकाशाचा प्रश्न त्याने जवळजवळ सुटला. खरी गाठ खाली, विमानतळांजवळ राहिली.

तिथे काय होते ते २५ सप्टेंबर १९७८ च्या सकाळी सॅन डिएगोत दिसले. पीएसए कंपनीचे बोइंग ७२७ लिंडबर्ग फील्ड विमानतळावर उतरायला येत होते. हवा स्वच्छ होती. त्याच भागात एक सेसना १७२ उडत होती. तिच्यात एक वैमानिक उपकरणांवरच्या उतरणीचा सराव करत होता. अशा सरावात डोळ्यांवर आडोसा लावतात, म्हणजे बाहेरचे दिसत नाही, फक्त उपकरणे दिसतात. बाहेर पाहण्याचे काम शेजारी बसलेला प्रशिक्षक करतो. विमान मात्र व्हीएफआर नियमांखालीच होते.

कंट्रोलरने बोइंगला सेसनाची जागा सांगितली. बोइंगच्या वैमानिकांनी ती दिसल्याचे कळवले. या क्षणी जबाबदारी हलली. समोरचे विमान दिसते आहे असे वैमानिकाने सांगितले की, कंट्रोलर त्याला ‘तुम्हीच पाहून अंतर ठेवा’ असे सांगू शकतो. याला ‘व्हिज्युअल सेपरेशन’ म्हणतात. त्यानंतर रडारवर ठरावीक मैलांचे अंतर राखण्याचे बंधन सुटते, विमाने जवळजवळ आणता येतात, आणि विमानतळाची दर तासाला विमाने उतरवण्याची क्षमता वाढते. अमेरिकेतले गजबजलेले विमानतळ स्वच्छ हवेत जी गती गाठतात, तिचा मोठा वाटा या एका वाक्याचा आहे.

बोइंगच्या वैमानिकांना थोड्याच वेळात सेसना दिसेनाशी झाली. कॉकपिटमध्ये त्याबद्दल बोलणे झाले, ती उजवीकडून मागे गेली असावी असा अंदाज बांधला गेला. कंट्रोलरला जे कळवले गेले त्यातून मात्र ती अजून नजरेत आहे, असा त्याचा समज झाला. प्रत्यक्षात सेसना पुढे, खाली, जवळजवळ त्याच दिशेने चालली होती. तिला ०७० अंशांवर राहायला सांगितले होते. ती न कळवता ०९० अंशांवर वळली होती, म्हणजे बोइंगच्याच दिशेला. वरून पाहणाऱ्याला ती घरांच्या छपरांच्या पार्श्वभूमीवर, काचेवर जागची न हलणारी. सेसनाचे पंख वर असतात. तिच्या प्रशिक्षकाला मागून आणि वरून उतरत येणारे बोइंग दिसण्याची सोयच नव्हती. रडार केंद्रातली धोक्याची सूचना १९ सेकंद आधी वाजली. अशा सूचना अनेकदा विनाकारण वाजत, आणि बोइंगला सेसना दिसते आहे असे कंट्रोलर धरून चालले होते. त्यांनी बोइंगला काही सांगितले नाही. सुमारे २,६०० फुटांवर बोइंगने सेसनाला गाठले. विमानांतले १३७ आणि जमिनीवरचे ७, असे १४४ जण मरण पावले.

तपासमंडळाने मुख्य दोष बोइंगच्या वैमानिकांकडे दिला: त्यांनी नजर ठेवली नाही, आणि नजर सुटल्यावर तसे कळवले नाही. रडारने अंतर राखणे शक्य असताना ते डोळ्यांवर सोपवण्याची पद्धत, हे पूरक कारण धरले. मंडळातले एक सदस्य फ्रान्सिस मॅकॲडम्स यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांच्या मते ही पद्धत मुख्य कारणाच्या बरोबरीची होती. अहवालातला तो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि मॅकॲडम्स बरोबर होते असे मी मानतो. वैमानिकाला दोष देणे सोपे असते, कारण तो एक नाव, एक खुर्ची असते. पण ज्या व्यवस्थेकडे दोन्ही विमानांच्या जागा रडारवर दिसत होत्या, तिने ते ज्ञान बाजूला ठेवून सगळा भार एका काचेतून दिसणाऱ्या ठिपक्यावर टाकला होता.

मोठ्या विमानतळांभोवतीचे आकाश राखून ठेवण्याची कल्पना १९७० पासून अमलात येऊ लागली होती. पहिले असे क्षेत्र अटलांटात झाले. सॅन डिएगोत मात्र १९७८ मध्ये ते नव्हते. ते १९८० मध्ये आले. या क्षेत्राचा आकार उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखा असतो. तळाशी विमानतळाभोवती लहान वर्तुळ, जमिनीपर्यंत टेकलेले. वर जावे तसे वर्तुळ रुंद होत जाते, कारण उतरणारे जेट दूरवरून हळूहळू खाली येते आणि त्याच्या वाटेखालची रिकामी जागा लहान विमानांना मोकळी ठेवायची असते. आत शिरायला व्हीएफआर विमानालाही कंट्रोलरची स्पष्ट मंजुरी लागते, आणि आत आल्यावर त्याला आयएफआर विमानांपासून वेगळे ठेवणे हे कंट्रोलरचे काम ठरते.

सॅन डिएगोनंतर एफएएने अशी बरीच क्षेत्रे वाढवण्याचा मोठा प्रस्ताव आणला होता. लहान विमानांच्या वैमानिकांनी त्याला जोरदार विरोध केला आणि तो मागे घ्यावा लागला. त्या विरोधाला केवळ हट्ट म्हणून मोडीत काढू नये. राखीव आकाश वाढले की, उरलेल्या चिंचोळ्या जागेत लहान विमाने एकमेकांच्या जवळ कोंबली जातात. न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीवर मोठ्या विमानतळांच्या क्षेत्राखाली व्हीएफआरसाठी सोडलेली अशीच एक बोळ आहे. ८ ऑगस्ट २००९ रोजी तिथे एक पायपर विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर धडकून नऊ जण गेले. त्यानंतर त्या बोळीत ठरलेल्या लहरीवर आपली जागा सांगत जाणे, १४० नॉटची वेगमर्यादा आणि दिवे लावणे सक्तीचे झाले. नुसते तिथून पुढे जाणाऱ्यांनी हजार फुटांच्या वर राहायचे, घिरट्या घालणाऱ्यांनी खाली, अशी वाटणीही झाली.

उतरंडीची भिंत हवेत दिसत नाही. नकाशावर निळी रेघ असते, डोळ्यांसमोर काहीच नसते. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी टॉरन्सहून निघालेले एक पायपर विमान परवानगी न घेता लॉस एंजेलिसच्या क्षेत्रात शिरले. त्याच्याकडे ट्रान्सपॉन्डर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. ट्रान्सपॉन्डर रडारच्या हाकेला उत्तर देतो. साध्या उत्तरात ओळख असते, ‘मोड सी’ उत्तरात उंचीही असते. उंचीशिवाय पडद्यावरचा ठिपका क्षेत्राच्या आत आहे की खालून चालला आहे, हे कळायला मार्ग नाही. त्याच वेळी कंट्रोलर आणखी एका लहान विमानाशी बोलण्यात गुंतला होता. मेक्सिकोहून येणारे एरोमेक्सिकोचे डीसी-९ सेरिटोस या उपनगरावर साडेसहा हजार फुटांच्या आसपास त्या पायपरला धडकले. जमिनीवरच्या पंधरा जणांसह ८२ बळी गेले. दिवस स्वच्छ होता.

या एका अपघाताने दोन गोष्टी घडवल्या. मोठ्या विमानतळांपासून ३० सागरी मैलांच्या वर्तुळात उंची सांगणारा ट्रान्सपॉन्डर बंधनकारक झाला. आणि अमेरिकी संसदेने १९८७ मध्ये कायदा करून ३० हून अधिक आसनांच्या प्रवासी विमानांत टीकॅस बसवायला लावले. टीकॅस आजूबाजूच्या ट्रान्सपॉन्डरना स्वतः हाक देते, उत्तरांवरून अंतर आणि उंची मोजते, आणि धडक होईलसे वाटले तर वैमानिकाला ‘चढा’ किंवा ‘उतरा’ असा आदेश देते. जमिनीवरच्या कोणावरही ते अवलंबून नाही. पण समोरच्याचा ट्रान्सपॉन्डर उंची सांगत नसेल तर ते फक्त ‘जवळ कोणी आहे’ एवढेच सांगते, चढा-उतराचा आदेश देऊ शकत नाही. ट्रान्सपॉन्डरच नसेल किंवा बंद असेल तर ते आंधळे असते.

१६ सप्टेंबर १९९३ पासून अमेरिकेने आकाशाच्या प्रकारांना आंतरराष्ट्रीय पद्धतीची अक्षरे दिली. कंट्रोलर कोणाला कोणापासून वेगळे ठेवतो, या एकाच प्रश्नाने ती अक्षरे समजतात. ए, म्हणजे १८,००० फुटांच्या वर, सगळे आयएफआर, सगळे एकमेकांपासून वेगळे. बी म्हणजे मोठ्या विमानतळांची उतरंड. व्हीएफआर आत येऊ शकते, पण वेगळे ठेवून. सी मध्यम विमानतळांभोवती. आयएफआर आणि व्हीएफआर यांना वेगळे ठेवतात, दोन व्हीएफआरना नाही. डी म्हणजे नियंत्रण-मनोरा असलेला लहान विमानतळ. व्हीएफआर विमानाने मनोऱ्याशी बोलायचे, उतरण्याचा क्रम मिळतो, हवेतल्या अंतराची हमी मिळत नाही. ई हे सर्वांत पसरलेले नियंत्रित आकाश. तिथे कंट्रोलर फक्त आयएफआरला आयएफआरपासून वेगळे ठेवतो. जी अनियंत्रित. एफ अमेरिका वापरत नाही.

ई वर्गाचा तळ बहुतेक ठिकाणी जमिनीपासून १,२०० फुटांवर असतो, आणि जिथे उपकरणांवरची उतरण आहे अशा लहान विमानतळांभोवती ७०० फुटांवर आणलेला असतो. उतरणाऱ्या आयएफआर विमानाला अधिक खालपर्यंत व्हीएफआरच्या तीन मैलांच्या अटीचे कवच मिळावे म्हणून हा तळ खाली ओढला आहे. त्याखालच्या जी वर्गात दिवसा एक मैल दिसले आणि ढगाबाहेर राहिले तरी व्हीएफआरला चालते.

पूर्वी अशी अचूक उतरण फक्त जमिनीवर महागडी यंत्रणा बसवलेल्या ठिकाणीच शक्य होती. २००३ मध्ये उपग्रहांवरची अचूक दुरुस्ती-प्रणाली सुरू झाली आणि मनोराही नसलेल्या गावांतल्या धावपट्ट्यांना अशा उतरणी मिळाल्या. त्यामुळे ज्या मैदानावर शिकाऊ वैमानिक चौकोनी फेऱ्या मारत उतरण्याचा सराव करतात, तिथेच दहा मैलांवरून सरळ रेषेत, दुप्पट वेगाने येणारे विमान येऊ लागले. मनोरा नाही म्हणून सगळे एकाच लहरीवर आपापली जागा सांगतात. आयएफआर वैमानिक सांगतो, ‘अमुक फिक्स ओलांडला’. तो बिंदू उपकरणांच्या नकाशावर असतो. पहिल्या एकट्या उड्डाणावरच्या विद्यार्थ्याला त्या नावाचा पत्ताही नसतो. एफएए आता वैमानिकांना बजावते की, जागा मैलांत आणि दिशेत सांगा: ‘ईशान्येला पाच मैल, सरळ उतरतो आहे.’ १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिल इथे मनोरा नसलेल्या मैदानावर सरळ, वेगाने येणारी सेसना ३४० सरावाच्या फेरीतल्या सेसना १५२ वर आदळली आणि तिघे गेले. दोन्ही वैमानिक रेडिओवर बोलत होते. आपण कुठे आहोत हे दोघांनी सांगितले होते. दोघांमधला वेगाचा फरक शब्दांतून पोचायला उशीर झाला.

१ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत जिथे मोड सी लागतो तिथे एडीएस-बी हे उपकरणही लागते. विमान आपली उपग्रहांवरून ठरलेली जागा दर सेकंदाला सगळ्यांना सांगत राहते. दुसऱ्या विमानात ते ऐकणारा संच असेल तर पडद्यावर सगळी गर्दी दिसते. डोळ्याची उणीव भरून काढणारी ही आजवरची सर्वांत चांगली गोष्ट आहे. पण सूट दिलेली विमाने उरतातच. ग्लायडरना इंजिन नसते, बॅटरी तुटपुंजी असते, म्हणून त्यांना ट्रान्सपॉन्डरमधून सूट आहे. २८ ऑगस्ट २००६ रोजी नेवाडात १६,००० फुटांवर एक हॉकर जेट एका ग्लायडरला धडकले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, बॅटरी वाचवण्यासाठी तो बंद ठेवला होता. हॉकरच्या टीकॅसला काहीच दिसले नाही. ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला, हॉकरही चाके न उघडता सुखरूप टेकले.

भारतात या दोन प्रकारच्या विमानांची सरमिसळ कमी आहे. सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपासून सूर्योदयाआधी वीस मिनिटांपर्यंत व्हीएफआर उड्डाण एरवी करता येत नाही, आणि सुमारे पंधरा हजार फुटांच्या वर ते चालत नाही. आपल्या आकाशातला सर्वांत मोठा अपघात, १२ नोव्हेंबर १९९६ चा चरखी दादरीचा, दोन्ही विमाने दिल्लीच्या नियंत्रणाखाली असताना घडला. त्यात ३४९ जण गेले, आणि त्यानंतर भारतात टीकॅससारखी यंत्रणा सक्तीची झाली. पण सरमिसळ जिथे आहे तिथे ती अगदी दाट आहे. जुहूचा विमानतळ मुंबईच्या मुख्य विमानतळाला जवळजवळ चिकटून आहे. मुंबई हायच्या तेलविहिरींकडे जाणारी हेलिकॉप्टरे तिथून समुद्रावर निघतात, आणि समुद्रावरून पूर्वेकडे उतरणारी जेट विमाने त्याच किनाऱ्यावरून आत येतात. दोन धावपट्ट्या किती जवळ आहेत याचा पुरावा २४ सप्टेंबर १९७२ चा: जपान एअरलाइन्सचे डीसी-८ मुख्य विमानतळ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. तिथे हेलिकॉप्टरना ठरवून दिलेले मार्ग, उंची आणि मुंबईच्या कंट्रोलरशी समन्वय यांवर सगळे चालते.

हेलिकॉप्टरचा ठरलेला मार्ग आणि उतरणाऱ्या जेटची वाट किती जवळ असू शकतात, हे २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये समोर आले. विचिटाहून आलेले सीआरजे-७०० रेगन नॅशनल विमानतळाच्या ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे वळले होते. अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवरच्या चार क्रमांकाच्या मार्गाने चालले होते. त्या भागात त्याची कमाल उंची २०० फूट. हेलिकॉप्टरच्या चालकदलाने जेट दिसत असल्याचे सांगून व्हिज्युअल सेपरेशन मागितले आणि त्यांना ते मिळाले. ते रात्रीच्या दृष्टीचे चष्मे घालून उडत होते, आणि शहराच्या दिव्यांत त्यांनी नेमके कोणते विमान पाहिले हा प्रश्न उरला. जेटच्या टीकॅसने जवळ विमान असल्याची सूचना दिली. चढा-उतराचा आदेश मात्र जमिनीपासून सुमारे हजार फुटांखाली ते देतच नाही, कारण तिथे उतरण्याचा आदेश जमिनीवर आपटवू शकतो. हेलिकॉप्टर एडीएस-बी प्रसारित करत नव्हते. धडक तीनशे फुटांच्या आतबाहेर झाली. ६७ जण मरण पावले.

मार्चमध्ये तपासमंडळाने आकडे मांडले. हेलिकॉप्टर नदीच्या पूर्व काठाला धरून, आपल्या २०० फुटांच्या मर्यादेतच असले तरी ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाच्या वाटेपासून त्याचे उभे अंतर काही ठिकाणी जेमतेम ७५ फूट राहत होते. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथे विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैलाहून कमी आडव्या आणि ४०० फुटांहून कमी उभ्या अंतरावर आल्याच्या १५,२१४ नोंदी होत्या. त्यातल्या ८५ नोंदींत आडवे अंतर १,५०० फुटांहून आणि उभे अंतर २०० फुटांहून कमी होते. या नोंदी यंत्रणेच्या संगणकांत होत्या. त्या एकत्र करून कोणी पाहिल्या नव्हत्या. मॅकॲडम्स यांनी सॅन डिएगोबद्दल नोंदवलेले मत इथे तसेच्या तसे लागू पडते: अंतर राखण्याची साधने हाताशी होती, आणि काम डोळ्यांना दिले गेले.

त्यानंतर एफएएने हेन्स पॉइंट ते विल्सन पूल हा चार क्रमांकाच्या मार्गाचा तुकडा बंद केला आणि विमानतळापासून पाच मैलांत व्हिज्युअल सेपरेशन थांबवले. राष्ट्राध्यक्षांचा प्रवास, पोलीस, रुग्णांची ने-आण अशा अत्यावश्यक कामासाठी हेलिकॉप्टरला तिथून जावेच लागले, तर ते पार होईपर्यंत जेटना दूर थांबवतात. अशा वेळी उतरणारी रांग काही मिनिटे अडून राहते.